सतरा अक्षरांची मागणी

संशोधक संगणकावर मागणीपत्र उघडतो आणि एका रकान्यात ए, टी, जी, सी या चारच अक्षरांची एक ओळ भरतो. उदाहरणार्थ ही: जी-टी-ए-ए-ए-ए-सी-जी-ए-सी-जी-जी-सी-सी-ए-जी-टी. पुढच्या रकान्यांत प्रमाण, शुद्धीकरण आणि टोकांना काही जोडायचे आहे का, एवढे निवडतो. काही दिवसांनी कुरिअरने प्लॅस्टिकची एक छोटी नळी येते. तिच्या तळाशी पांढरट पापुद्रा असतो, कधी तर तोही डोळ्यांना दिसत नाही. तो पापुद्रा म्हणजे त्या ओळीचा डीएनए. तो कोणत्याही सजीवातून काढलेला नसतो. बाटल्यांतल्या रसायनांपासून एकेक अक्षर जोडून तो यंत्राने तयार केलेला असतो.

डीएनएच्या अशा आखूड, एकेरी धाग्याला ऑलिगोन्यूक्लिओटाइड म्हणतात. प्रयोगशाळेत कुणी एवढे लांब नाव घेत नाही, तिथे तो ‘ऑलिगो’ असतो. पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या असंख्य नकला काढणाऱ्या प्रक्रियेत, वापरला तर प्रायमर, विशिष्ट जनुकाचा शोध घेण्यासाठी रंग लावून वापरला तर प्रोब. जनुकाचा क्रम वाचणे, त्यातले एखादे अक्षर मुद्दाम बदलणे, रोगजंतूची चाचणी करणे, नवे जनुक जोडून बनवणे, या सगळ्या कामांना ऑलिगो लागतात आणि जवळजवळ सगळ्याच प्रयोगशाळा ते बाहेरून बनवून घेतात.

मागणीपत्रावर ओळ एकच असते. नळीत मात्र अगणित रेणू असतात, आणि ते सगळे त्या ओळीबरहुकूम नसतात. बरहुकूम किती, चुकलेले किती आणि चुकलेल्यांत काय चुकले, हे ज्या रीतीने ऑलिगो बनतो त्यावरून ठरते. ती रीत एकदा समजली की मागणीपत्रातला प्रत्येक रकाना कशासाठी आहे तेही समजते.

ओळ लिहिण्याआधी

डीएनएच्या धाग्याला दिशा असते. एका टोकाला ५ प्राइम म्हणतात, दुसऱ्याला ३ प्राइम. साखरेच्या रेणूतल्या कार्बन अणूंना दिलेल्या क्रमांकांवरून ही नावे आली. ओळ नेहमी ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे लिहायची असा संकेत आहे, आणि ऑलिगो बनवणारी कंपनीही तसेच गृहीत धरते. नवशिक्यांच्या सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पीसीआरला दोन प्रायमर लागतात. त्यांतला उलट्या धाग्याचा प्रायमर लिहिताना मूळ क्रमाची जोडअक्षरे (एला टी, जीला सी आणि उलट) घ्यावी लागतात आणि ती ओळ उलटवूनही लिहावी लागते. उलटवायची राहिली तर ऑलिगो अचूक बनून येतो, पण पीसीआर चालत नाही. कंपनीला दोष देता येत नाही, कारण तिने मागितले तेच दिलेले असते.

३ प्राइम टोक विशेष महत्त्वाचे. पीसीआरमधले पॉलिमरेज हे विकर प्रायमरच्या याच टोकाला पुढची अक्षरे जोडत जाते. म्हणून हे टोक लक्ष्यावर नेमके बसले पाहिजे. ५ प्राइम टोकाला थोडी विसंगती चालते. त्याचाच फायदा घेऊन तिथे मुद्दाम जादा शेपूट जोडतात, जसे क्लोनिंगसाठी लागणारे कापण्याचे ठिकाण. दोन टोकांतला हा भेद पुढे परत उपयोगी पडणार आहे.

वर दिलेली ओळ सतरा अक्षरांची आहे. एम-१३ फॉरवर्ड या नावाने ती जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली जाते, कारण क्लोनिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या अनेक प्लाझ्मिडांमध्ये, आपला तुकडा जिथे घालतात त्या जागेशेजारी, हा क्रम आधीपासून असतो. तिच्यात ए सहा, टी दोन, जी पाच आणि सी चार. जी आणि सी मिळून नऊ, म्हणजे सुमारे ५३ टक्के. साधारण ४० ते ६० टक्के हे प्रमाण चांगले मानतात. प्रायमर लक्ष्यापासून सुटण्याचे तापमान ढोबळमानाने काढायचे तर प्रत्येक ए-टीला २ अंश आणि प्रत्येक जी-सीला ४ अंश धरतात. इथे १६ अधिक ३६, म्हणजे ५२ अंश सेल्सिअस. आखूड ऑलिगोसाठी हा अंदाज ठीक असतो. हल्लीची संगणकी साधने शेजारशेजारच्या अक्षरांच्या जोड्या आणि क्षारांचे प्रमाण धरून अधिक बारकाईने हिशेब करतात. प्रायमर स्वतःवरच दुमडतो का, दोन प्रायमर एकमेकांनाच चिकटतात का, जनुकसंचात भलतीकडे कुठे बसतात का, हेही तीच साधने सांगतात. मागणी पाठवण्याआधी दहा मिनिटे यात घालवली तर पुढचे आठवडे वाचतात.

दोन अक्षरांपासून जनुकापर्यंत

रसायनांपासून डीएनए जोडण्याची सुरुवात १९५५ मध्ये केंब्रिजला झाली. अलेक्झांडर टॉड आणि ए. एम. मायकेलसन यांनी दोन अक्षरे जोडून दाखवली. टॉड यांच्याच प्रयोगशाळेत काही वर्षे काम केलेले हरगोविंद खुराणा यांनी हे काम पुढे व्हॅन्कुव्हर आणि विस्कॉन्सिन इथे नेले. ठरावीक क्रमाचे तुकडे बनवण्याचे त्यांचे कौशल्य जनुकीय संकेत उलगडताना कामी आले, आणि १९६८ च्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले. १९७० मध्ये त्यांच्या गटाने यीस्टच्या एका ट्रान्सफर आरएनएचे ७७ जोड्यांचे जनुक संपूर्णपणे प्रयोगशाळेत जोडून पूर्ण केले. त्यामागे अनेक माणसांची अनेक वर्षांची मेहनत होती, कारण प्रत्येक पायरीनंतर द्रावणातून हवा तो पदार्थ वेगळा काढून शुद्ध करावा लागे.

ही दगदग कमी करणारी कल्पना म्हणजे धागा घन पदार्थाला बांधून ठेवायचा. धागा मण्याला चिकटलेला असला की उरलेली रसायने नुसती धुऊन टाकता येतात. प्रथिनांच्या तुकड्यांसाठी ब्रूस मेरिफिल्ड यांनी ही युक्ती १९६३ मध्ये मांडली. डीएनएसाठी नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात रॉबर्ट लेट्सिंजर यांनी ती वापरली. लेट्सिंजर यांचे विद्यार्थी मार्व्हिन कॅरुथर्स पुढे खुराणांकडे शिकले आणि नंतर कोलोराडो विद्यापीठात गेले. तिथे १९८१ मध्ये त्यांनी सर्ज बोकाज यांच्यासह फॉस्फोरॅमिडाइट नावाची संयुगे वापरात आणली. ही संयुगे कोरड्या स्थितीत टिकतात, आणि सौम्य आम्लाचा स्पर्श होताच झटपट जोडली जातात. यंत्राला नेमके असेच काही हवे होते. त्यानंतर डीएनए बनवणारी यंत्रे बाजारात आली, आणि आज मागवलेला बहुतेक प्रत्येक ऑलिगो याच रसायनाने बनतो.

चार पायऱ्यांचे चक्र

यंत्रातल्या एका छोट्या कॉलममध्ये सच्छिद्र काचेचे बारीक कण असतात. यंत्र धागा उलट्या बाजूने विणते. पेशीत डीएनए ५ प्राइमकडून ३ प्राइमकडे वाढतो, यंत्रात तो ३ प्राइमकडून ५ प्राइमकडे वाढतो. आपल्या ओळीतले शेवटचे अक्षर टी आहे, म्हणून काचेच्या कणांना आधीच टी बांधलेला कॉलम घेतात. मग जी, मग ए, मग सी असे करत शेवटी पहिला जी. सतरा अक्षरांना सोळा जोडण्या.

प्रत्येक अक्षर बाटलीतून येते तेव्हा त्याचे नको ते हात बांधलेले असतात. ए, सी आणि जी यांच्या नायट्रोजनवर संरक्षक गट असतात. टीला त्याची गरज पडत नाही. ५ प्राइमच्या हातावर डायमिथॉक्सीट्रायटिल हा मोठा गट असतो. तो खुराणांच्या प्रयोगशाळेत १९६० च्या दशकात पुढे आला. त्याला थोडक्यात ट्रायटिल म्हणू.

पहिली पायरी, ट्रायटिल काढणे. कॉलममधून आम्लाचे पातळ द्रावण सोडले की धाग्याच्या टोकावरचा ट्रायटिल निघतो आणि ते टोक मोकळे होते. सुटलेला ट्रायटिल आम्लात गडद नारिंगी दिसतो. हा रंग किती गडद आहे ते मोजले की किती धाग्यांना मागचे अक्षर बसले होते ते कळते. प्रत्येक चक्राला यंत्राला आपल्या कामाची अशी पावती मिळते.

दुसरी पायरी, जोडणी. पुढचे अक्षर आणि त्याला चेतवणारे टेट्राझोलसारखे आम्लधर्मी संयुग एकत्र कॉलममध्ये येतात. मोकळ्या टोकाशी नवे अक्षर काही सेकंदांत ते एखाद्या मिनिटात जोडले जाते. अक्षर भरपूर जादा प्रमाणात घालतात, म्हणजे एकही टोक उपाशी राहू नये.

तिसरी पायरी, तोंड बंद करणे. एवढे करूनही शंभरातल्या एखाद्या धाग्याला अक्षर बसत नाही. त्याला तसाच सोडला तर पुढच्या चक्रात तो परत वाढू लागेल आणि मधले एक अक्षर नसलेला, पण लांबीने जवळजवळ पूर्ण असा धागा तयार होईल. असा धागा वेगळा काढणे फार कठीण. म्हणून अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड वापरून त्याचे टोक कायमचे बंद करतात. तो आखूडच राहतो आणि नंतर ओळखू येतो.

चौथी पायरी, पक्के करणे. नव्या सांध्यातला फॉस्फरस अजून अस्थिर अवस्थेत असतो. आयोडीन आणि पाणी यांच्या द्रावणाने त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि सांधा टिकाऊ बनतो. मग पुन्हा पहिली पायरी. एका चक्राला काही मिनिटे लागतात, म्हणून आपली ओळ दोन-तीन तासांत पुरी होते. मोठ्या कंपन्यांत असे कॉलम शेकड्यांनी एकाच वेळी चालतात.

या सगळ्यात पाण्याला फक्त चौथ्या पायरीत प्रवेश आहे. जोडणीच्या वेळी द्रावकात जरासा ओलावा शिरला तरी चेतवलेले अक्षर धाग्याऐवजी पाण्याशी जोडले जाते आणि वाया जाते. त्यामुळे अतिशय कोरडे अ‍ॅसिटोनायट्राइल लागते, आणि तेही पिंपांनी. हे द्रावक मुख्यतः अ‍ॅक्रिलोनायट्राइल या प्लॅस्टिक-धाग्यांच्या कच्च्या मालाबरोबर उपपदार्थ म्हणून मिळते. २००८ च्या अखेरीस मंदीमुळे त्या मालाची मागणी घसरली. ऑलिम्पिकच्या काळात चीनमधले कारखाने मंदावले होते, आणि आइक चक्रीवादळाने टेक्सासमधल्या उत्पादनाला फटका दिला. या सगळ्यामुळे जगभर अ‍ॅसिटोनायट्राइलची टंचाई झाली आणि डीएनए बनवणाऱ्यांची धावपळ उडाली.

टक्क्यांचे गणित

आता किती धागे पूर्ण होतात त्याचे गणित. प्रत्येक जोडणीला ९९ टक्के धागे यशस्वी होतात असे धरू. सोळा जोडण्यांनंतर पूर्ण लांबीचे किती उरतील? ०.९९ चा सोळावा घात, म्हणजे सुमारे ८५ टक्के. हे चक्रवाढ व्याजच आहे, फक्त उलटे चालणारे. यश ९९.५ टक्के असेल तर ९२ टक्के धागे पूर्ण निघतात, ९८ असेल तर ७२ टक्के. सतरा अक्षरांपुरता हा फरक सोसता येतो.

शंभर अक्षरांचा ऑलिगो मागवला की चित्र पालटते. ९९ टक्क्यांवर ३७ टक्केच धागे पूर्ण होतात, ९९.५ वर ६१ टक्के, ९८ वर अवघे साडेतेरा टक्के. दोनशे अक्षरांना ९९ टक्क्यांवरही साडेतेराच उरतात आणि ९८ वर दोन टक्केसुद्धा नाहीत. एका टक्क्याच्या फरकाने माल वापरण्याजोगा किंवा टाकाऊ ठरतो. म्हणून बहुतेक कंपन्या साध्या ऑलिगोला लांबीची मर्यादा घालतात, आणि लांबी वाढली की दर अक्षराचा भावही वाढवतात.

लांबीबरोबर आणखी एक धोका वाढतो. प्रत्येक चक्रात धागा आम्लातून जातो, आणि आम्लाने जी-ए ही अक्षरे, विशेषतः ए, साखरेपासून सुटू शकतात. सुरुवातीला जोडलेल्या अक्षराला सगळ्याच चक्रांचे आम्ल सोसावे लागते. म्हणून लांब धाग्याचे ३ प्राइम टोक जास्त जखमी असते.

कॉलममधून नळीत

धागा पूर्ण झाल्यावरही तो काचेला बांधलेला असतो आणि त्याच्या अक्षरांवर संरक्षक गट तसेच असतात. संहत अमोनियात तो सुमारे ५५ अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवला की काचेपासूनही सुटतो आणि गटही निघून जातात. घाई असेल तर अमोनियाबरोबर मिथिलअमाइन वापरून आणि सीवर जुळणारा वेगळा गट घेऊन हे काम काही मिनिटांत करता येते. त्यानंतर द्रावणात आपला ऑलिगो, आखूड राहिलेले धागे आणि निघालेल्या गटांचा कचरा असतो.

इथे मागणीपत्रातला शुद्धीकरणाचा रकाना कामाला येतो. सर्वांत स्वस्त पर्याय डीसॉल्टिंग. त्यात क्षार आणि छोटे रेणू जातात, आखूड धागे तसेच राहतात. कार्ट्रिजची पद्धत त्यापुढची. शेवटच्या अक्षरावरचा ट्रायटिल मुद्दाम ठेवून देतात. तो तेलकट असल्याने पूर्ण धागे कार्ट्रिजला चिकटतात. तोंड बंद केलेल्या आखूड धाग्यांवर ट्रायटिल नसतो, म्हणून ते वाहून जातात. मात्र मधले एखादे अक्षर गळालेला, पण टोकापर्यंत वाढलेला धागा ट्रायटिलसकट असतो आणि तोही मागे राहतो. एचपीएलसी अधिक बारीक निवड करते. सर्वांत कडक पर्याय म्हणजे पॉलिअ‍ॅक्रिलअमाइड जेल. त्यात एका अक्षराचा फरकही पट्ट्यांत वेगळा दिसतो, पण हवा तो पट्टा कापून काढताना बराचसा माल गमवावा लागतो.

मग साध्या पीसीआरला डीसॉल्टिंग का पुरते? उत्तर विणण्याच्या दिशेत आहे. धागा ३ प्राइमकडून सुरू होतो, म्हणून अर्धवट राहिलेल्या धाग्याचे ३ प्राइम टोक बरोबर असते. त्याची ५ प्राइमकडची अक्षरे कमी असतात. पॉलिमरेजला काम करायला ३ प्राइमच लागते, त्यामुळे चार-दोन अक्षरे कमी असलेले धागेही फारसे अडवत नाहीत. पण ५ प्राइमला क्लोनिंगची शेपूट असेल तर हिशेब बदलतो, कारण अपुऱ्या धाग्यांत नेमकी शेपूटच तुटकी असते. ५ प्राइमला रंग लावायचा असेल तर तो सर्वांत शेवटी जोडला जातो, म्हणजे अपुऱ्या धाग्यांवर रंगच नसतो. अशा वेळी एचपीएलसीवर खर्च करावाच लागतो.

सोबतचा कागद

नळीबरोबर एक कागद येतो. बरेच जण त्यातला एकच आकडा पाहतात आणि कागद फेकून देतात. त्यात निदान चार गोष्टी वाचण्यासारख्या असतात.

वस्तुमान ही पहिली. आपल्या सतरा अक्षरांचे अपेक्षित वस्तुमान सुमारे ५,२२८ डाल्टन. वस्तुमान-पटमापकावर (प्रयोगशाळेच्या भाषेत ‘मास’वर) तोच आकडा आला तर ठीक. ४,८९९ च्या आसपास मुख्य शिखर दिसले तर ३२९ कमी, म्हणजे एक जी गळाला. २८९ कमी असते तर सी. आकडा ७० ने जास्त आला तर एका जीवरचा संरक्षक गट निघायचा राहिला. मात्र वस्तुमानावरून अक्षरांचा क्रम कळत नाही. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तरी बेरीज तीच राहते.

मग ओडी, म्हणजे २६० नॅनोमीटरला किती अतिनील प्रकाश शोषला गेला त्याचे मोजमाप. एकेरी डीएनएचा एक ओडी म्हणजे ढोबळमानाने ३३ मायक्रोग्रॅम. आपल्या ऑलिगोचे ते सुमारे सहा नॅनोमोल होतात.

तिसरी गोष्ट नॅनोमोल. मागणीपत्रातले ‘२५ नॅनोमोल’ किंवा ‘२०० नॅनोमोल’ हे अनेक ठिकाणी सुरुवातीचे प्रमाण असते. मिळणारा माल त्याहून कमी भरतो, आणि कडक शुद्धीकरणानंतर तर बराच कमी. काही पुरवठादार मात्र किती मिळेल याची हमी देतात. दोन दरपत्रकांची तुलना करताना आकडा कशाचा आहे ते विचारून घ्यावे. प्रमाण कमी म्हणून घाबरायचे कारण नाही. एका नॅनोमोलमध्ये सहा कोटी गुणिले एक कोटी इतके रेणू असतात. एका पीसीआरला एका प्रायमरचे साधारण १० पिकोमोल लागतात, म्हणून एका नॅनोमोलमध्ये शंभर पीसीआर होतात.

चौथी गोष्ट कागदावर छापलेली ओळ. ती आपण पाठवलेल्या ओळीशी अक्षरशः ताडून पाहावी.

नळी उघडताना

वाळवलेला पापुद्रा हलका असतो आणि प्रवासात झाकणाला चिकटलेला असू शकतो. म्हणून उघडण्याआधी नळी सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवतात. मग त्यात पाण्याऐवजी टीई बफर घालणे चांगले. ट्रिस आणि किंचित ईडीटीए असलेला हा बफर पीएच ८ च्या जवळ ठेवतो. प्रयोगशाळेतले शुद्ध पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी झालेले असते, आणि आम्ल डीएनएला मानवत नाही.

किती बफर घालायचा त्याचे सोपे सूत्र आहे. नॅनोमोलच्या आकड्याला दहाने गुणले की येणाऱ्या मायक्रोलिटरमध्ये १०० मायक्रोमोलरचे द्रावण होते. कागदावर २३.४ नॅनोमोल असेल तर २३४ मायक्रोलिटर. हा मूळ साठा. त्यातून दहापट पातळ करून १० मायक्रोमोलरच्या छोट्या नळ्या भरतात, रोजच्या कामाला त्या काढतात, आणि मूळ साठा उणे २० अंशांवर ठेवतात. वारंवार गोठवणे-वितळवणे टळते आणि एखाद्याच्या पिपेटमुळे साठा दूषित झाला तरी संपूर्ण माल बुडत नाही. रंग लावलेले प्रोब अंधारात ठेवावे लागतात, नाहीतर रंग फिका पडतो.

जोडलेले रंग आणि बदललेले सांधे

टोकाला फॉस्फेट, बायोटिन, अमाइन किंवा चमकणारा रंग लावून मिळतो. एखाद्या जागी एकच अक्षर न ठरवता दोन किंवा चारही अक्षरांचे मिश्रण मागता येते. वेगवेगळ्या जातींच्या जिवाणूंत किंचित बदललेले जनुक एकाच प्रायमरने पकडायचे असेल तर याचा उपयोग होतो. फॉस्फेटमधल्या एका ऑक्सिजनच्या जागी गंधक बसवले की पेशीतली डीएनए तोडणारी विकरे सांध्याला सहज हात लावू शकत नाहीत. हाच बदल ऑलिगोवर आधारलेल्या काही औषधांत वापरला आहे.

रंगाचे सर्वपरिचित उदाहरण कोविडच्या चाचणीतले आहे. आरटी-पीसीआरच्या प्रोबला एका टोकाला चमकणारा रंग आणि दुसऱ्या टोकाला ती चमक गिळणारा रेणू असतो. लक्ष्याला चिकटलेला प्रोब पॉलिमरेजने तोडला की रंग मोकळा होऊन चमकतो. मार्च २०२० मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या आरटी-पीसीआर किटला केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. विषाणूचे जनुक ओळखणाऱ्या अशा प्रत्येक किटच्या मुळाशी प्रायमर आणि प्रोबचे दोन-तीन संच असतात, म्हणजे काही आखूड ओळी.

त्याच सुमारास अमेरिकेत या ओळी किती नाजूक असतात ते जगाने पाहिले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, राज्यांना पाठवलेले पहिले किट अनेक ठिकाणी विषाणू नसतानाही होकार देऊ लागले. नंतर सीडीसीच्याच शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या तपासणीत दोन वेगळी कारणे आढळली. एका संचात तपासणीसाठी बनवलेला कृत्रिम डीएनए मिसळला गेला होता. दुसऱ्या संचात प्रोब आणि एक प्रायमर एकमेकांना चिकटत होते, आणि त्यातून खोटी चमक निघत होती. पहिला दोष स्वच्छतेचा, दुसरा रचनेचा. नमुना म्हणून बनवलेला कृत्रिम डीएनए आणि त्याला शोधणारे प्रायमर एकाच खोलीत, एकाच यंत्रावर हाताळायचे नाहीत, हा नियम आणि ऑलिगोंच्या आपापसांतल्या जोड्या आधी तपासण्याची सवय, हे दोन्ही कंटाळवाणे वाटले तरी लागतातच.

दोनशे अक्षरांपलीकडे

हजारभर अक्षरांचे जनुक हवे असेल तर ते एका दमात बनत नाही. साठ-सत्तर अक्षरांचे, एकमेकांवर थोडे चढणारे ऑलिगो बनवून विकरांच्या मदतीने जोडतात. २००२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या स्टोनी ब्रुक विद्यापीठात एकार्ड विमर यांच्या गटाने मागवलेल्या ऑलिगोंपासून पोलिओ विषाणूचा संपूर्ण जनुकसंच जोडला आणि त्यातून जिवंत विषाणू मिळवला. या ताकदीचा गैरवापर होऊ शकतो हे तेव्हा सगळ्यांच्या ध्यानात आले. २००९ मध्ये जनुके बनवणाऱ्या कंपन्यांनी एक आंतरराष्ट्रीय संघ स्थापला, आणि २०१० मध्ये अमेरिकी सरकारनेही मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हापासून मागवलेला क्रम धोकादायक रोगजंतूंशी जुळतो का आणि ग्राहक कोण आहे, हे अशा कंपन्या तपासतात. लांब ऑर्डर दिल्यावर संस्थेचे नाव आणि वापर विचारणारा ई-मेल आला तर तो याच तपासणीचा भाग असतो. संस्थेच्या पत्त्यावरून नीट उत्तर दिले की काम पुढे सरकते.

दुसरीकडे, आम्ल आणि अ‍ॅसिटोनायट्राइल टाळून टर्मिनल ट्रान्सफरेज या विकराकडून अक्षरे जोडून घेण्याचे तंत्र पुढे येत आहे. त्यात सगळी कामे पाण्यात होतात. लांब धाग्यांसाठी त्याकडून आशा आहे, पण वीस-पंचवीस अक्षरांच्या प्रायमरसाठी १९८१ चे रसायन अजूनही स्वस्त आणि खात्रीचे आहे.

रकाने भरताना

मागणीपत्र भरताना स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. काम कोणत्या टोकाचे आहे? फक्त ३ प्राइमचे असेल तर डीसॉल्टिंग पुरे. ५ प्राइमला शेपूट किंवा रंग असेल तर एचपीएलसी घ्यावी. लांबी किती? चाळीस-पन्नासच्या पुढे गेले की गणित विरोधात जाऊ लागते, तेव्हा शुद्धीकरण वाढवावे किंवा काम दोन आखूड ऑलिगोंत विभागावे. आणि थोडे चुकलेले रेणू चालतील का? पीसीआरमध्ये कोट्यवधी रेणूंची सरासरी दिसते, म्हणून थोडी चूक खपते. क्लोनिंगमध्ये मात्र जिवाणूची प्रत्येक वसाहत एकाच रेणूपासून वाढते, आणि तो रेणू चुकीचा निघाला तर संपूर्ण वसाहत चुकीची होते. म्हणून लांब ऑलिगोंपासून काही जोडले असेल तर एका वसाहतीवर विसंबू नये. चार-पाच वसाहती निवडून त्यांचा क्रम वाचून घ्यावा. बरोबर निघालेली एक वसाहत वाढवली की यंत्राच्या टक्क्यांचा प्रश्न संपतो. त्यापुढचा डीएनए जिवाणूच नकलून देतो, आणि त्याच्या चुका यंत्राच्या मानाने नगण्य असतात.